डावा स्पीकर

भर दुपारी तो स्वतःच्याच दाराला कान लावून उभा होता. आत स्टिरिओ चालू होता.

जिन्यावरून उतरणाऱ्या शेजारीणबाई थबकल्या. "किल्ली विसरलात का?"

"नाही. बिजागरी कुरकुरते, ती बघतोय."

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत चर्चा होणार, हे त्याला कळत होतं. होऊ दे, तो मनाशी म्हणाला.

तो विजेचे मीटर तपासायचा. संशय घेणं हेच पोटापाण्याचं काम. ते काही घरी येताना ऑफिसच्या खुंटीला अडकवून येता येत नाही. त्याची पद्धत ठरलेली होती. सीलवर एक आणि समोर मीटरच्या डब्यावर एक असे पेन्सिलीचे दोन ठिपके द्यायचे. पुढच्या फेरीला ते समोरासमोर नसले, की समजायचं, कुणीतरी हात घातलाय. घरातल्या स्टिरिओच्या प्रत्येक बटणाला त्यानं असेच ठिपके दिले होते.

स्टिरिओ छोटासाच, भिंतीतल्या फळीवर मावणारा. मधे डबा, दोन टोकांना दोन स्पीकर. पण त्याचा त्यावर भारी जीव. दर रविवारी ब्रशनं धूळ झाडायचा आणि बायकोला जवळ फिरकू द्यायचा नाही.

आणि हल्ली रोज बॅलन्सच्या, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे वळवायच्या, बटणाचा ठिपका हललेला. बटण परत मधे आणलेलं, पण केसभर चुकलेलं. डाव्या स्पीकरजवळची त्याची खुर्ची पुढे सरकलेली. बायको त्या खुर्चीत कधीच बसायची नाही. मग बसतं कोण? विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला हात लावू तुमच्या त्या डब्याला?" तेही मान वळवून. हल्ली पहिल्या हाकेला ओ देत नव्हती. रस्त्यानं चालताना मधेच बाजू बदलायची. मनात दुसरं कुणी शिरलं की माणूस असाच वागतो, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. ही गेली तर आपल्याला विचारणारं कुत्रंही नाही, हेही त्याला ठाऊक होतं. त्या विचारानं तर तो आणखीच भडकायचा.

त्यानं हळूच किल्ली फिरवली. दाराआड परक्या चपला नव्हत्या. चपला आत नेल्यात, म्हणजे गडी मुरलेला आहे.

खोलीत बासरी इतकी मोठ्यानं लागली होती की फळीवरचे पेले थरथरत होते. पण आवाज सगळा डावीकडून. उजवा स्पीकर मुका. त्याच्या खुर्चीत बायको एकटीच बसली होती. खुर्ची फळीला टेकलेली, डावा कान स्पीकरच्या जाळीला चिकटवलेला, उजव्या कानात कापसाचा बोळा आणि त्यावर तळहात गच्च दाबलेला. डोळे मिटलेले.

"कोण आलंय?" तो ओरडला.

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्यानं पडदा ओढला, बाथरूममध्ये डोकावला, कपाटही उघडून पाहिलं. कपाटात त्याचेच शर्ट होते. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सावली पडली तशी ती दचकली. तिनं आवाज कमी केला आणि कानातला बोळा काढला.

"कुणाला शोधताय?"

त्यानं स्पीकरकडे बोट दाखवलं. "हे काय चाललंय?"

"डावा कान गेलाय," ती म्हणाली. "मागे ताप आला होता ना, तेव्हापासून. रोज लावून बघते, काही परत येतंय का. जाळी थरथरते ती गालाला कळते. कानाला काही नाही."

तो पलंगाच्या कडेवर बसला. घरात कुणी येत नव्हतं. त्याला केवढं हायसं वाटलं! आणि बायकोचा कान गेलाय हे ऐकून आपल्याला हायसं वाटतंय, याची त्याला लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही तपासलं असतंत."

तिनं बॅलन्सचं बटण मधे आणलं, डोळे बारीक करून ठिपक्यासमोर ठिपका आणायचा प्रयत्न केला. "नीट जुळतच नाही मेला," ती पुटपुटली. बासरी आता दोन्हीकडून वाजू लागली. ती खुर्चीत तशीच बसून खिडकीबाहेर बघत राहिली.

तो उठला आणि तिच्या खुर्चीमागे गेला. खांद्यावर हात ठेवावा म्हणून त्यानं हात पुढे केला, पण तो मधेच थांबला. मग तो वाकला आणि तिच्या डाव्या कानाशी, बासरीच्या आवाजाखाली, अगदी हळू म्हणाला, "दूध उतू गेलं."

ती हलली नाही.

तो आणखी जवळ वाकला आणि पुन्हा तेच म्हणाला.

"कानाला श्वास लागला," वळून न बघता ती म्हणाली. "काय म्हणालात ते नाही कळलं. झाली खात्री?"