एक नंबरची फळी

"बसत नाई मामाजी," शालू म्हणाली आणि फळीवरचा हात तिनं काढून घेतला. "काल बी बसली नवती."

"दाब अजून."

"दाबून दाबून हात सोलून निघाले माहे."

तिच्या सासऱ्यांनी, जानरावांनी, हातातला पाना जमिनीवर आपटला आणि केबिन बनवणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दोघांनी मिळून खांबांत बसवलेली तळाची फळी पुन्हा सोडवली.

धामणगावला रुळांलगत जानरावांचा एक मोकळा तुकडा होता. तिथं ही लाकडी खोली उभी करायची होती. जानराव रेल्वेतून रिटायर झालेले, म्हणून ते तिला केबिन म्हणत. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीकडून ती सुटी सुटी होऊन आली होती. खांब, फळ्या, पत्रे, बोल्ट, सगळं तयार. फक्त जोडायचं. प्रत्येक भिंतीला नऊ फळ्या, प्रत्येक फळीवर काळ्या रंगात इंग्रजी आकडा. एक नंबरची फळी तळाला, तिच्या खाचेत दोन नंबरची, असं वर चढत जायचं. पण दोन नंबरची फळी एक नंबरच्या खाचेत बसतच नव्हती. एकाही भिंतीची नाही. काही फळ्यांवर आकड्याऐवजी नुसती उभी रेघ होती. "ते सुताराची खूण हाय, ठेव बाजूले," असं जानराव म्हणाले होते. शालू मराठी चौथी शिकलेली. ते सांगतील तसं ती करत होती.

हे सगळं रेडिओपायी झालं होतं. गावात तेव्हा रेडिओ मोजकेच. जानरावांचा मुलगा धर्मपाल शाळेत मास्तर होता, त्यानं हौसेनं एक आणला. जानराव तो पहाटेपासून लावत, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. एकदा अकोल्याचे पाहुणे आले असताना कुणाचं बोलणं कुणाला कळेना, तेव्हा धर्मपालनं उठून रेडिओ बंद केला. "बाबा, मानसं बसली हायेत," एवढंच तो म्हणाला.

"ठीक हाय," जानराव पाहुण्यांसमोर म्हणाले. "तुह्या घरात आता मी निजनार नाई. माही जागा मी पाहीन."

तेव्हापासून ते ओसरीवर झोपत. ओसरी म्हणजे घर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पौषाची थंडी पडली होती. बाहेर ते खोकत राहत आणि आत धर्मपाल कूस बदलत राही. कुणी कुणाला हाक मारत नसे.

"तुमी एकदा येऊन पाहा ना. तुमाले इंग्रजी येते," शालूनं नवऱ्याला विनवलं होतं.

"त्याईनं मले बोलावलं काय? मंग."

त्यामुळे सगळं शालूवर आलं. घरचं आटोपायचं आणि सासऱ्याबरोबर फळ्या चढवायच्या, उतरवायच्या. त्यात पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून पाहत.

"काय वो शालू, सासऱ्याचा येगळा संसार थाटून देऊन राहिली काय?" शेजारच्या केशरबाईनं आज सकाळीच विचारलं होतं.

शालू फळ्या वेचायला लागली. केबिन उभी राहिली तर लोक म्हणणार, सुनेनं म्हाताऱ्याला रुळाकाठी नेऊन टाकलं. नाही राहिली तर म्हातारा ओसरीवर गारठून जाणार. आणि ही मेली केबिन ना धड उभी राहत होती, ना मोडून पडत होती.

"चल, पयल्यापासून. एक नंबर आन," जानराव म्हणाले.

तिनं ढिगातून फळी ओढली. तो एक तिला एव्हाना पाठ झाला होता. डोकं गोल आणि खाली शेपूट. आपल्या मराठी एकासारखाच दिसे.

तेवढ्यात नागपूरकडून मालगाडी आली आणि सिग्नल न मिळाल्यानं त्यांच्यासमोरच उभी राहिली. जानराव तिच्याकडे वळले. त्यांची सारी नोकरी मालधक्क्यावर डब्यांचे नंबर मोठ्यानं वाचण्यात गेली होती. ते वाचत आणि कारकून लिहून घेई. आताही त्यांचे ओठ आपोआप हलू लागले.

"दोन, सात, एक," ते पुटपुटले. मग पुढच्या डब्याकडे नजर गेली. "चार, नऊ, नऊ."

कुठं अडखळले नाहीत की डोळे बारीक केले नाहीत.

शालूनं डब्याकडे पाहिलं. चारच्या पुढं दोन सारख्या खुणा शेजारी शेजारी होत्या. डोकं गोल आणि खाली शेपूट. तिनं हातातली फळी पाहिली. मग मागच्या डब्यावरचा एक पाहिला. ती नुसती उभी रेघ होती.

गाडी हलली, गेली. जानराव भानावर आले. सुनेच्या हातातल्या फळीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खाली बसून बोल्ट निवडायला लागले. निवडलेलेच पुन्हा निवडायला लागले.

शालूला आधी नुसता संताप आला. सोललेले तळहात, केशरबाईचं बोलणं, रोजची ही चढउतार. तोंडाशी आलेलं ती बोलणारच होती. पण म्हातारा मान वर करत नव्हता.

तिनं फळी हळूच खाली ठेवली.

"मामाजी, हे केबिन काई एवढ्यात होत नाई. कंपनीच लबाड दिसते."

"हाव ना. मी काय म्हनून राहिलो तुले?"

"मंग केबिन होईपर्यंत आत निजत जा. केबिन झाली का मी सोता तुमचं अंथरून इथं आनून टाकीन. कोनाले बोलू देनार नाई."

जानरावांनी हातातला बोल्ट ढिगात टाकला.

"केबिन होईपर्यंतच," ते म्हणाले.

"होईपर्यंतच."

"धर्मपालले सांगून ठेव तसं."

"सांगीन."

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी पाना उचलला.

"आन बरं मंग, एक नंबरची फळी."

शालूनं लगबगीनं नऊ नंबरची फळी उचलून दिली.