भाजलेलं औषध

"हे माणसाच्या रगताचं हाय का न्हाई, तेवढं सांग," बानूबाई म्हणाली, आणि पदर खोचून नर्स आणि दवाखान्याच्या खाटेवरच्या पोराच्या मधे उभी राहिली.

पोरगं कसलं, बिरू चांगला मिशा फुटलेला बाप्या होता. पळालेल्या बोकडामागं कासार आंबोलीतल्या एका बंगल्याच्या भिंतीवरून उडी टाकली आणि गुडघ्यावर आपटला. दुसऱ्या कुणाला नुसतं खरचटलं असतं. बिरूचं रक्त जन्मापासूनच गोठत नाही. गुडघा आतल्या आत भरत चालला होता, आणि त्यावरचं औषध नर्स प्राजक्ताच्या हातातल्या चिमुकल्या बाटलीत होतं.

"माणसाचंच आहे, मावशी. हजारो जणांच्या रक्तातून काढलेलं."

"हजारो! त्यात येकाला बी कावीळ नसंल? माज्या भावाला ह्येच दुखनं व्हतं. दुसऱ्याचं रगत चढवलं, पाय बरा झाला आन् काविळीनं गेला."

"म्हणून तर हे तापवतात. कावीळ, एड्स, सगळ्यांचे विषाणू मरतात त्यात."

हे ऐकलं आणि बानूबाई रागवायचंच विसरली. बोकड कापला की त्याच्या रक्ताची रक्ती परतायचं काम उभा जन्म तिच्याकडंच होतं. "मला शिकीवतीस व्हय? रगत तव्यावर टाकलं की गोळा हुतंय. मग ह्ये सुईतनं कसं जानार?"

प्राजक्ताला हा प्रश्न फार आवडला. "ओलं तापवलं तर गोळाच होईल. हे आधी वाळवतात, अगदी कोरडं. मग भट्टीत ठेवतात. बघा." बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी होती.

"भाजल्याल्या पिठावानी," बानूबाई पुटपुटली. "आन् औषिद जळत न्हाई त्यात?"

"थोडं जातं. उरतं त्यात भागतं."

प्राजक्तानं बाटलीत पाणी सोडलं. भुकटी विरघळली. बानूबाईनं डोळे बारीक करून पाहिलं, पण कणभरही गोळा दिसेना.

"आये, हो की बाजूला," बिरू कण्हला.

"हुती रं. पन बाई, ह्ये भाजायचं कवा निगालं?"

"झाली की चाळीसेक वर्षं."

बानूबाईनं मनाशी हिशेब केला. भाऊ गेला तेव्हा बिरू तिच्या मांडीवर होता. "म्हंजी माजा भाऊ व्हता तवा ह्ये व्हतं?"

"होतं." प्राजक्ताची नजर खाली गेली. "आपल्याकडं पोचलं नव्हतं."

"आमची मेंढरं दर वरसाला कोकनात जाऊन माघारी येत्यात, बाई. आन् येवढीशी बाटली हितवर पोचंना व्हय?"

प्राजक्तानं औषध सुईत ओढून घेतलं. बानूबाईनं पदरानं डोळे पुसले, बाजूला सरली आणि बिरूची बाही स्वतःच वर सारून त्याचा हात पुढं धरला.

"घाल. येवढ्या लांबनं आलंय, आता दारात उभं नगं करू."