सौरभचा ब्रेकर

“स्पीडब्रेकर परत टाकायचा की नाही, ते आत्ताच सांगा,” वॉर्ड ऑफिसातून आलेला इंजिनीयर म्हणाला. “एकदा काँक्रीट पडलं की मग मला फोन करू नका.”

मुलुंडच्या त्या गल्लीतली अर्धी माणसं त्याच्याभोवती उन्हात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून रस्ता उखडणार होते आणि त्याआधी रहिवाशांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा वरून हुकूम होता. गटाराची झाकणं झाली, पाण्याची लाइन झाली, पार्किंगवरून दोघांची मारामारी होता होता राहिली. आता उरला ब्रेकर.

नको, असं सगळे एकदम म्हणाले. राणेकाकांच्या मणक्यात गॅप होती. कुणाच्या डब्यातली आमटी सांडायची, कुणाची बाइक खालून घासायची. शिवाय नाक्यावर आता सिग्नल बसला होता.

“गाड्या सुसाट येतातच कुठे आता?” राणेकाका म्हणाले. “आणि मुंगीसारखं चालायचं तर नवा रस्ता हवा कशाला?”

“मुळात मागणी कुणाची होती?” इंजिनीयरने विचारलं.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. भाजीची पिशवी घेऊन प्रेमा कडेला उभी होती.

“माझी,” ती म्हणाली. “मुलगा गेला माझा इथं. सायकलवर होता.”

इंजिनीयरने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. पोरगेलाच होता बिचारा. काढलेल्या हेल्मेटचं पुढे काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने ते परत घातलं.

ब्रेकरचे पिवळे पट्टे कधीच पुसले गेले होते. नाव तेवढं राहिलं होतं. रिक्षावाले, गॅसवाला, कुरियरवाला, सगळ्यांना सौरभचा ब्रेकर ठाऊक. नव्या टॉवरमधल्या लोकांना वाटायचं, सौरभ म्हणजे कुणी जुना नगरसेवक असावा. प्रेमाच्या घरात मात्र ते नाव कुणी घेत नसे. तिच्या नवऱ्याने, काशीरामने, त्या दिवसापासून ते तोंडातून काढलं नव्हतं. त्यामुळे तीही घरात घ्यायची नाही. बाजारातून येताना रिक्षात बसली, की पहिल्यांदा ती मुद्दाम पुटपुटायची. मग रिक्षावाला “क्या बोला?” असं विचारायचा आणि तिला पुन्हा एकदा नीट, मोठ्याने म्हणता यायचं, सौरभच्या ब्रेकरला.

शेजारची नलिनी पुढे आली. त्या दिवशी धावत जाऊन सौरभचं डोकं मांडीवर घेतलं होतं ते नलिनीनेच. आता तिच्या सुनेला सातवा लागला होता.

“प्रेमा, मी बोलणार नव्हते गं,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण श्रुतिकाला डॉक्टरकडे नेताना इथं रिक्षा आदळते ना, मी तिला घट्ट धरून बसते. आधीचं एक गेलंय पोरीचं. तुला काय सांगू?”

“मला नको सांगूस,” प्रेमा म्हणाली.

तिने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काशीराम वाळलेले कपडे काढत होता. मघापासून तो एकाच टॉवेलची घडी घालत होता.

“मग रिक्षावाल्याला सांगायचं काय?” तिने विचारलं.

“म्हणजे?” नलिनी म्हणाली.

“कुठं थांब म्हणून.”

“सिग्नलच्या पुढे सांगायचं की, प्रेमाताई!” राणेकाका म्हणाले. “त्यात काय एवढं?”

नलिनीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मणका चोळत मागे सरकले.

प्रेमाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नको टाकूस रे बाळा,” ती इंजिनीयरला म्हणाली. “चांगला गुळगुळीत कर.”

रस्ता झाला. झकास झाला. श्रुतिकाला मुलगी झाली आणि ती तान्ही हॉस्पिटलातून घरापर्यंत रिक्षात झोपूनच आली. प्रेमाने तिच्यासाठी टोपडं शिवलं. गल्लीतले लोक सिग्नलच्या पुढे म्हणायला लागले. त्यात अवघड काहीच नव्हतं.

त्यानंतर एका संध्याकाळी प्रेमा आणि काशीराम एका लग्नाहून परतत होते. रिक्षा गल्लीत वळली.

“किधर छोडूँ, मौसी?” रिक्षावाल्याने विचारलं.

प्रेमाने तोंड उघडलं. सिग्नलच्या पुढे, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड मिटलं आणि मांडीवरचा आहेराचा नारळ उगाच सारखा केला.

“सौरभच्या ब्रेकरला,” काशीराम म्हणाला.

प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो पुढचं बोलला नसता.

“इधर ब्रेकर किधर है, चाचा?” रिक्षावाला हसला. “रोड तो एकदम मक्खन है.”

“आहे,” काशीराम म्हणाला. “हळू घे.”

रिक्षावाल्याने आरशात दोघांकडे पाहिलं आणि वेग कमी केला. ती जागा आली तशी दोघांनीही सवयीने समोरचा दांडा घट्ट धरला.

धक्का आला नाही. रिक्षा थांबल्यावरही दोघं दांडा धरूनच बसली होती.