गार्डाचा डबा

संकुलाच्या फाटकाशी मालगाडीतला जुना गार्डाचा डबा आणून ठेवला, तेव्हा मुकुंदवाडीत नळाला पाणी येणं ही बातमी झालेली होती. बिल्डरचं म्हणणं असं, की पाणी काय, टँकरनं मागवता येतं. इतिहास मात्र भंगारातच मिळतो.

इतिहास सांगायला तिसऱ्या मजल्यावरचे कडुबा होते. मीटरगेजवर गार्ड म्हणून, मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून बावटा हलवून गाडी सोडण्यात त्यांनी जन्म काढलेला. उद्घाटनाच्या दिवशी गळ्यात हार पडल्यावर ते उभे राहिले.

"निजामाच्या वक्ताला असला डबा चार चाकांचा होता. धक्का असा बसायचा, की भाजी ताटातून मांडीवर. मग आठ चाकं आली. मग ब्रॉडगेज आलं अन् डबे भंगारात गेले. आता काही गाड्यांना मागं गार्डाऐवजी नुसती एक पेटी लटकवतात. पेटीला भूक नाय, रजा नाय."

टाळ्या पडल्या. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी वाजवल्या नाहीत. उभ्या संसारात या माणसानं रेल्वेचा नियम सांगून त्यांना असल्या डब्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या डोक्यावर हंडे वाहत होत्या, तेव्हा आत काय सुख चाललं होतं, हे त्यांना एकदा बघायचंच होतं. त्या उठल्या आणि पायरीवर चढल्या.

"काकू, अजून फीत कापायचीय!" सेक्रेटरी हिमांशू ओरडला.

"काप की. मी काय फितीवर बसले का?"

आत एक फळी होती, ब्रेकचं चाक होतं, दोन खिडक्या होत्या. मनकर्णाबाईंनी फळी दाबून पाहिली, खाली वाकून पाहिलं. कडुबा दारात येऊन उभे राहिले.

"गादी कुठंय?"

"गादी नसती."

"पंखा?"

"खिडकी हाय ना."

"अन् मोरी?"

कडुबांनी मागं जमलेल्या मंडळींकडं पाहिलं. "गाडी सिग्नलला थांबली की उतरायचं."

"नाय थांबली तर?"

"तर नाय."

हा भाग डब्यापाशी लावायच्या माहितीफलकावर घ्यायचा नाही, हे हिमांशूनं मनात ठरवून टाकलं.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाय?" मनकर्णाबाईंचा आवाज उतरला होता. "मी आपली मनात शिव्या देत बसले."

"तुला वाटायचं मी मजेत हाय. म्हटलं, वाटू दे. घरात कुणीतरी मजेत असावं."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. इतिहासासमोरच्या खुर्च्या क्षणात रिकाम्या झाल्या.

"चल, पाणी आलं."

"तुम्ही व्हा पुढं." मनकर्णाबाई फळीवर बसल्या, पाय वर घेतले. "मी बसते जरा."

कडुबा हारासकट हंडा घेऊन सवयीनं रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले. मागं वळून पाहिलं. डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि गार्डाच्या बावट्यासारखा हलला: जाऊ द्या.