शेवटचा घोट

"एकेकच घोट घ्या रे. शेवटच्या माणसापर्यंत पुरलं पाहिजे. 'लागोम', म्हणजे ना कमी ना जास्त, हा आपला शब्द या शिंगातूनच आलाय." मधाच्या दारूने भरलेलं शिंग पुढे देत हाल्वार दर उन्हाळी सणाला हेच सांगायचे. पहिला घोट त्यांचा, मग मुलांचा, शेवटचा त्यांच्या बायकोचा, गुनवोरचा. ती ओठ पुसून हसायची.

आज हाल्वारना मातीआड करून सगळे त्याच टेबलाशी बसले. "बाबांनी आपल्याला माप शिकवलं," थोरला तोर्गनी गहिवरून म्हणाला. धाकट्या लेकीने, तूवेने, शिंग भरलं आणि या वेळी आधी आईच्या हातात दिलं.

गुनवोर तो घोट कितीतरी वेळ तोंडात घोळवत राहिली.



"इतकी गोड असते होय गं? चाळीस वर्षं मी रिकाम्या शिंगालाच ओठ लावत आले."