टोपी तीच

शाळकरी पोरांच्या बँडची ती विनोदी मालिका सहा वर्षं धो धो चालली होती. पण ड्रमरला मिसरूड फुटलं, तसं दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं.

"सोमवारपासून तुझ्या जागी दुसरा पोरगा बसेल. नाव तेच, टोपी तीच. गोष्टीत कुणी चकार शब्द काढणार नाही."

"अहो, पण लोकांना कळेल ना!"

"तिसऱ्या वर्षी तू आधीच्याच्या जागी आलास, तेव्हा कळलं का कुणाला?"

टोपी आणि ड्रमच्या काठ्या टेबलावर ठेवून तो तोंड पाडून घरी आला.

आईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून दिसलं, की त्याच्या नेहमीच्या खुर्चीत एक पोरगा ती टोपी घालून जेवतोय आणि मधूनच चमच्याने ताटावर ताल धरतोय.

"आई, हा कोण?"



"हळू बोल रे, जेवतोय तो," आई कुजबुजली. "तू आलास त्या दिवशी आधीचाही असाच दारात उभा होता. तेव्हा तू उठलास का ताटावरून?"