ओगुस्तसाठी सूप

फेर्नां आणि ओगुस्त हे पॅरिसच्या सिनेमातले दोन जुने नायक. चाळीस वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता. पण ओगुस्तने अंथरूण धरलं आणि फेर्नां, स्वतःचं हृदय कधी दगा देईल याचा नेम नसताना, रोज चार जिने चढून त्याला कांद्याचं गरम सूप भरवायला लागला. चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्तीसुद्धा लावायचा.

गल्लीतल्या बायका डोळे पुसायच्या. फेर्नांच्या बायकोला, लेओंतीनला, मात्र हे पचेना. पन्नास वर्षांच्या संसारात या बाबाने तिला साधा पाण्याचा पेला कधी हातात दिला नव्हता.

तिने त्याला दारातच अडवलं. "अहो, हा पुळका आला कुठून? मेला तर पीडा गेली, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"हळू बोल, बाई. पेपरवाल्यांनी आम्हा दोघांचेही मृत्युलेख आत्ताच लिहून ठेवलेत. मी एकटा गेलो, तर माझा फोटो थेट पहिल्या पानावर."

"मग?"



"आणि त्याच आठवड्यात तोही गेला, तर पहिलं पान त्याला, अन् मला घोड्यांच्या शर्यतीच्या निकालाखाली चार ओळी!"